गार डबी

काका, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझा राग काही जात नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

हिंगण्याच्या सोलर सेलच्या कारखान्यात चांदीची पेस्ट मला तुम्हीच शिकवलीत. सिलिकॉनच्या पातळ, निळ्या वेफरवर जाळीतून केसाएवढ्या बारीक रेघा छापायच्या आणि भट्टीत भाजायच्या. त्या रेघांतूनच सेलमधली वीज बाहेर येते. हे तुम्ही जेवणाच्या सुट्टीत, पोळीवर लोणच्याच्या तेलाच्या रेघा ओढून समजावलं होतं. फ्रीजमधून काढलेली पेस्टची डबी चार तास बंदच ठेवायची, नाहीतर तिला हवेतली ओल धरते. "हात नोको लावू, झोपू दे तिले," म्हणत तुम्ही डबीवर आपला रुमाल टाकायचात.

मग तो पावसाच्या झडीचा दिवस. चालू डबी संपली, आणि दुसरी सकाळी काढून ठेवायची तुम्हीच विसरला होतात. मशीन थांबलेली. "उघड वं," तुम्ही म्हणता. मी म्हणते, "काका, गार आहे न अजून." "मी आहो ना! काहून भिऊन राहिली?" मी उघडते.

संध्याकाळपर्यंतचा सगळा माल तुटक रेघांचा निघाला. साहेबांच्या केबिनमध्ये तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात. "मी तं हिले रोज सांगतो साहेब, गार डबी उघडू नोको. आयकतच नाही." मी वाट पाहिली, की पुढच्या वाक्यात तुम्ही सावरून घ्याल. तुम्ही पुढे बोललाच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी पॅकिंगला. काचेपलीकडे तुम्ही नव्या मुलीला तीच डबी, तोच रुमाल दाखवत होतात, आणि इकडे खोक्यांना टेप लावताना माझा जळफळाट व्हायचा. चूक कोणाच्याही हातून होते हो. पण मी तुमचं ऐकत नाही, हे तुम्ही कसं म्हणू शकलात? तुमच्याइतकं तर मी माझ्या बापाचंही ऐकलं नव्हतं. विश्वासघात म्हणतात तो हाच.

निवृत्तीनंतर एकदा तुम्ही मनीषनगरला आमच्या घरी आलात. दोन जिने चढून धाप लागलेली. "पोरगी आहे का घरी? बोलाचं होतं तिच्यासंगं." आई म्हणाली, ड्यूटीवर गेली. महिन्याभरात तुम्ही गेलात. काय बोलायचं होतं, ते आता कोण सांगणार?

हे पत्र टाकायचं तरी कुठे, म्हणून घरातच राहील. त्या दिवशी मी दाराआड उभी होते, काका. आईला तसं सांगायला मीच लावलं होतं.