पहिलं नको

गॉलवे, ३ मे १९७४

ति. पेगीनमावशीस,
सोर्खाचा शि. सा. न. वि. वि.

मावशी, मी घोळ घातलाय. प्रा. हॉल्टरनी काल चहाला बोलावून सांगितलं, की विद्यापीठाच्या केल्टिक विभागात आयरिश शिकवायची जागा मलाच द्यायची ठरलीय, घेणार का? आनंदानं मला नाचावंसं वाटलं. आणि तोंडातून निघालं काय, तर अहो नको, माझी कुठली एवढी लायकी! त्यांनी मान डोलावली, वाईट वाटलं म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

हा जर्मन माणूस हजार वर्षांपूर्वीचं आयरिश घडाघडा वाचतो; पण आपल्याकडे पहिलं नको धरायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार? याच जागेसाठी मी जुन्या पोथ्यांत डोळे फोडले. आठवडाभरात ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. मी काय करू?

तुझ्या मायेवरच उभी असलेली,
सोर्खा

कॅरारो, ५ मे

चि. सोर्खा हिस,
अ. उ. आ.

अगं बये! तीनदा आग्रह झाल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही, असं शिकवलं ते चहाचं गं, नोकरीचं नव्हे! कोलमकाका तर हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. मी मात्र जेवण सोडून हे लिहायला बसले. ही आपली भाषा बोलले म्हणून तुझ्या पणजोबांनी शाळेत छड्या खाल्ल्या, आणि तू ती शिकवायला नको म्हणतेस? भीड खुंटीला टांग आणि सरळ त्यांचं दार वाजव.

प्रकृतीला जप. लगेच कळव, इथे जीव टांगणीला लागलाय.
मावशी

गॉलवे, ८ मे

ति. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गेले गं! सगळं सांगितलं. हॉल्टर आधी थक्क झाले, मग कपाळावर हात मारून म्हणाले, की इतकी वर्षं लोकांच्या पहिल्याच नकाराला आपण किटली उचलून आत नेतोय, म्हणूनच घरी कुणी फिरकत नाही!

मग उठून उभे राहिले आणि रीतसर आयरिशमध्ये पुन्हा विचारलं. आणि मावशी, मेली सवय, पुन्हा नकोच निघालं! मी जीभ चावली. त्यांनी मात्र डोळे मिचकावून तिसऱ्यांदा विचारलं. आपल्या भाषेत नुसतं हो म्हणायची सोयच नाही ना, क्रियापदच परत म्हणावं लागतं, म्हणून मी घेते, घेते, घेते असं इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या खोलीतली मंडळी धावत आली.

ऑक्टोबरपासून वर्ग माझा! मला एकदम रडू कोसळलं, तेव्हा बिचारे हॉल्टर घाबरले आणि आलेल्या मंडळींना विचारू लागले, की हे रडणं होकारात धरायचं की नकारात.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
सोर्खा