जोडीदाराचा वास

३ मार्च १९८४, शनिवार

दुपारी पोचलो. स्कॉट्सब्लफहून निघाल्यापासून वाऱ्याने दोनदा गाडी रस्त्याबाहेर ढकलायला बघितली, पण सापळे, बाटल्या, सगळं शाबूत आहे.

राहायला मेंढपाळांची जुनी गाडी दिली आहे. चार चाकं, वर कॅनव्हासचं अर्धगोल छत, आत लोखंडी शेगडी आणि आडवा पलंग. टेबल पलंगाखालून ओढून घ्यायचं. दार मधोमध कापलेलं आहे, वरचा अर्धा भाग उघडा ठेवून बाहेर बघत बसता येतं. मला जागा आवडली. इतक्या लहान जागेत दुसरं माणूस नसल्याचं फारसं जाणवत नाही.

या मेंढ्यांची आणि कुरणाची मालकीण लव्हिना हॉकिन्सन, सत्तरीच्या. हात मिळवताच त्यांनी ऐकवलं की तुमच्या आधीचा सापळेवाला इतका बोलायचा की कोयोट कंटाळून पळून जायचे. मी कमी बोलतो म्हटलं. त्यावर, ते दिसतंच आहे, पण सूपमध्ये मीठ आहे का नाही एवढं तरी सांगत जा, म्हणाल्या. मीठ होतं.

मेंढपाळ एउसेबियो पेरू देशातला आहे, इथे अकरा वर्षं झाली त्याला. मी अठ्ठावन्नचा असूनही त्याने मला लगेच आजोबा करून टाकलं. माझ्या मुलीला, जोलीनला, पाचवा महिना लागलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर म्हणाला, बघा, मी आधीच ओळखलं.

मेंढ्या एप्रिलच्या मध्यावर व्यायला लागतील. त्याआधी इथली कोयोटांची, म्हणजे कोकरं पळवणाऱ्या त्या लहान लांडग्यांची, जोडी उचलायची.

६ मार्च

तीन दिवस नुसता चालतोय. अजून एकही सापळा लावलेला नाही, म्हणून एउसेबियोने विचारलं की आजोबा, कोयोटांना आधी पत्र पाठवायचं असतं का?

घाई करून चालत नाही. कोयोटाला कुठे बोलवायचं नसतं. तो ज्या वाटेने जाणारच आहे ती शोधायची आणि तिथे त्याला फक्त एक पाऊल बाजूला घ्यायचं. विष्ठा कुठे टाकतो, कोणत्या झुडपावर मुततो, वारा कुठून येतो, सगळं बघावं लागतं. गाडीची चाकोरी आणि गुरांची वाट खिंडीत एकत्र येतात, ती जागा पहिल्या प्रतीची आहे. दुसरी, पूर्वेच्या कोरड्या घळीचं तोंड. घळीत गुडघ्याएवढं गवत उभं आहे, कोणी तोंड लावलेलं नाही. लव्हिनाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मेंढ्या आत जात नाहीत. का ते त्यांना माहीत नाही. त्यांच्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

खिंडीत दोन सापळे लावले. कॅनव्हास पसरून त्यावर गुडघे टेकायचे, हातात रबरी मोजे. तिरपं भोक खणायचं, तळाशी लोकरीच्या बोळ्यावर दोन थेंब वास, आणि भोकाच्या अलीकडे जिथे पुढचा पाय पडेल तिथे सापळा, वर चाळलेली माती. जवळ एक पीस लटकवलं. नाकाला नाही पटलं तर डोळ्यांना पटतं.

वासाची बाटली माझी स्वतःची. सडलेलं माशाचं तेल आणि आणखी काय काय. ही बाटली एकदा माझ्या बायकोच्या, नॉरीनच्या, स्वयंपाकघरात फुटली होती. तिची बहीण त्यानंतर आमच्याकडे जेवायला आली नाही. नॉरीन म्हणायची, तुझ्या बाटलीने मला एवढं एक सुख दिलं.

१३ मार्च

मादी सापडली, खिंडीतल्या पहिल्याच सापळ्यात. गाभण होती. पोटात सात पिल्लं.

तिला पुरलं. मूत्राशय बरणीत काढून घेतलं. आम्ही सगळेच तसं करतो. जिथे एक सापडला तिथेच पुन्हा सापळा लावायचा, उकरलेली माती तशीच ठेवायची आणि तिचाच वास घालायचा. नर तिला शोधत येतो.

१६ मार्च

नर येतोय. दुपारी टेकडीवर बसतो आणि खिंडीकडे बघत राहतो. खाली येत नाही. काल वाऱ्याने अंगावरचे केस उलटे होत होते तरी दोन तास हलला नाही.

एउसेबियोला मी बरणीचं काम सांगितलं होतं. आज जेवताना बटाटे माझ्याकडे सरकवत म्हणाला की आजोबा, तुमचं काम तुम्हाला ठाऊक, पण मेलेल्या बायकोचा वास लावून नवऱ्याला बोलावणं हे काही बरं नव्हे. लव्हिनाबाईंनी त्याला दटावलं. तिकडे कोकरं मेल्यावर तू रडतोस ते काय मग, म्हणाल्या.

मी खाली बघून जेवलो.

२० मार्च

माझ्या गाडीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पायवाट आहे. रोज सकाळी बादली घेऊन जातो. आज अर्ध्या वाटेवर, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, एक भोक दिसलं. तिरपं, मुठीएवढं, समोर चाळलेली माती. मी ते खणलेलं नाही.

काम फार सफाईचं होतं. आजूबाजूला एक ठसा नाही. काठीने माती चाचपली, खाली काही पुरलेलं नव्हतं. भोकात लोकरीचा बोळा होता. वाकून वास घेतला.

खमीर, आणि गाईच्या सडांना लावायचं ते मलम.

नॉरीन तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गुरुवारी चिली नावाच्या तिखट रश्श्याबरोबर दालचिनीचे गोड पाव असायचे, त्यांचं पीठ ती पहाटेपासून मळायची. हाताला भेगा पडायच्या म्हणून ते मलम. घरी आली की तिच्या हातांना हाच वास यायचा. दुसऱ्या कशालाही हा वास येत नाही.

बादली तिथेच राहिली.

२१ मार्च

दोघांनाही विचारलं. लव्हिनाबाई म्हणाल्या, या वयात मी वाकून भोकं खणायला लागले तर मला वर ओढायला क्रेन मागवावी लागेल. एउसेबियो हसला नाही. माझ्याबरोबर बघायला आला. त्याला नुसता मातीचा वास आला.

२४ मार्च

दुसरं भोक. टाकीच्या पलीकडे, खिंडीच्या दिशेने. वर सेजच्या झुडपाच्या फांदीला निळा लोकरी हातमोजा लटकत होता, वाऱ्यावर फिरत. डाव्या हाताचा. अंगठ्याला राखाडी लोकरीने रफू केलेलं.

हे कधीतरी लिहायलाच हवं होतं, आज लिहितो.

मागच्या वर्षी जानेवारीत मी सापळे बघायला गेलो आणि बर्फाच्या वादळात अडकलो. एक पडकं गोठाघर होतं, त्यात बसून राहिलो. तेच शहाणपणाचं असतं. दुपारी कधीतरी बाहेरून हाक आल्यासारखी वाटली. मर्ल, अशी माझ्या नावाने. मला वाटलं वारा आहे, बर्फात माणसाला काहीही ऐकू येतं. उठलो नाही. पुन्हा आली, तरी उठलो नाही.

नॉरीन मला शोधत आली होती. गोठाघरापासून चाळीस पावलांवर गोठून मेलेली सापडली. उजव्या हातात मोजा होता. डावा कधी मिळाला नाही.

जोलीनने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावायला हवा होता.

मोजा घेतला नाही. आमिषाला हात लावायचा नसतो, एवढं मला अजून कळतं.

२८ मार्च

टेकडीवर नर नव्हता. ठसे बघत गेलो. खिंडीतल्या माझ्या सापळ्याला वळसा घालून तो पूर्वेला गेलाय, कोरड्या घळीकडे. घळीच्या तोंडाशी भोक. त्यात मादीचा वास, माझ्या बरणीतल्यापेक्षा ताजा. बरणी माझ्याकडे आहे, बंद.

ठसे आत गेलेत. बाहेर आलेले नाहीत. वर चढून घळ पूर्ण फिरलो. तिन्ही बाजूंना कडा आहे, दुसरी वाट नाही. गवत दडपलेलं नाही, रक्त नाही. गवतात तीन पावलं दिसतात आणि मग गवत सरळ उभं.

परत येऊन कागदावर काढलं. माझी गाडी, टाकी, खिंड, घळ. एका रेषेत आहे सगळं. मी रोज जिथे जाणारच असतो त्या वाटेवर, प्रत्येक ठिकाणी एक पाऊल बाजूला.

मी इतकं चांगलं लावलं नसतं.

३० मार्च

लव्हिनाबाईंच्या घरून जोलीनला फोन केला. नीट काही सांगता आलं नाही. तिने विचारलं, बाबा, जेवता का, झोपता का, आणि माझ्याशी खोटं बोलू नका, तुम्हाला येत नाही. रविवारी, आठ तारखेला ती न्यायला येतेय. तोवर गप्प बसून राहा म्हणाली. तिच्याकडची खोली मी घ्यायची, बाळ तिच्याजवळच झोपेल.

लव्हिनाबाईंनी वरची खोली देऊ केली. चालत घरापर्यंत मैलभर आहे, तिथे एकही भोक नाही. मी नको म्हटलं. कारण सांगितलं नाही. तिथे तो वास येत नाही.

२ एप्रिल

रोज जातो. टाकीच्या वाटेवरच्या पहिल्या भोकापासून तीन पावलांवर उभा राहतो. वारा तिकडून आला की डोळे मिटतो. नॉरीन आत्ताच आलीय, कोट काढतेय, असं वाटतं.

आज दोन पावलांवर होतो. कधी सरकलो कळलं नाही.

४ एप्रिल

एउसेबियो कळप घेऊन दक्षिणेला चाललाय. जाण्याआधी माझ्याकडे आला, बटाटे ठेवले, आणि चला माझ्याबरोबर म्हणाला. मी म्हटलं रविवारी मुलगी येतेय. मग रविवारपर्यंत दार लावून बसा आजोबा, म्हणाला, आणि पाणी मी भरून ठेवतो. चार बादल्या भरून ठेवल्या.

५ एप्रिल

मला आधीच कळायला हवं होतं —

जिथे एक सापडला तिथेच पुन्हा लावायचं. त्याच्याच वासाने.

नॉरीनचा वास माझ्यासाठी. मग माझा कोणासाठी?

रविवारी जोलीन येतेय. मी घळीत गेलो तर ती मला शोधेल. इथे उभी राहील, आणि त्या भोकात तंबाखू, माशाचं तेल, माझा जुना कोट —

जाणार नाही. नॉरीन, मी येणार नाही. तू तिथे नाहीस हे मला माहीत आहे. तरी तुझी माफी मागतो.

६ एप्रिल

बाहेर पडलो नाही. दाराचा खालचा भाग खिळे मारून बंद केला. कॅनव्हासमधून वास आत येतो. पलंगाला, चादरीला. रडू आलं, थांबवलं नाही.

जोलीनने इथे यायलाच नको. उद्या सकाळी फोन करून सांगतो, मीच येतो म्हणून. पत्र लिहून कामाचा निरोप घेतो.

७ एप्रिल, शनिवार

सकाळी दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून उतरून मालकिणीच्या घरी गेलो. लव्हिनाबाई गावात, रॉलिन्सला गेल्यात, किल्ली पायरीखाली होती. फोन वाजत राहिला. सहा वेळा लावला. कोणी उचलत नाही. कामावर असेल. शनिवारी नसते. की आजच निघाली —

परत आलो. रस्त्यावर जोलीनची गाडी दिसत नाही. चढापलीकडे उभी असेल तर इथून दिसणार नाही.

दुपार

पूर्वेकडून आवाज. बाई रडतेय.

बाबा, म्हणाली.

या दिवसांत आम्ही एक शिट्टी वापरतो. पिल्लू कळवळतं तसा आवाज. पोट भरलेला, सापळ्यातून एकदा सुटलेला, कितीही हुशार कोयोट असो. तो आवाज ऐकून न आलेला आईबाप मी आजवर पाहिला नाही. शिट्टी आहे ही. मला माहीत आहे. शिट्टीच.

बाबा, पाय. आणि मग, बाळ.

शिट्टी आहे.

गोठाघरातही मी असंच —

खिळे काढलेत. वही पायरीवर ठेवतो, दगडाखाली. लव्हिनाबाई, आधी तुम्ही वाचा आणि जोलीनला घराबाहेर सोडू नका.

जोलीन, हे तुझ्या हातात असेल तर ती हाक मारणारी तू नव्हतीस. फार बरं झालं. माझं जाणं वाया गेलं असं मनात आणू नकोस. आता लगेच गाडीत बस, काचा वर कर आणि परत जा. माझा आवाज आला तरी येऊ नकोस. मी नावाने हाक मारीन, लहानपणच्या नावाने मारीन, तरी नाही. मी रडत असलो तरी तो मी नाही. आणि मीच असलो तरी