बाहेरची कडी

प्रिय लेखकराव,

तुझा सिनेमा परवा दुपारी पाहिला. फार वाईट आहे रे. तुझ्या पहिल्या तीन कादंबऱ्यांचे खिळे छापखान्यात मी जुळवले, म्हणून एवढं बोलायचा हक्क घेतो. पुस्तकातला तुझा इन्स्पेक्टर तोंड उघडायला दोन पानं घ्यायचा. इथे तो दर दहा मिनिटांनी गॉगल काढून उड्या मारतो. खुनी कोण हे सुनेने मध्यंतराआधीच ओळखलं आणि ती निवांत झोपली.

मीही उठणारच होतो, तेवढ्यात आपल्या छापखान्याची ती आग आली. त्याऐवजी तू कापडाचं गोदाम दाखवलंस, पण दार आपलंच, हिरवं, लोखंडी. कडी बाहेरून लावणारा नुसता हात दिसतो आणि त्याच्या बोटांना शाई. गोदामात शाई कशी, असं सून घरी येताना म्हणाली.

तुझं प्रत्येक पुस्तक मी धास्तीने उघडायचो. सातही पुस्तकांत ती आग नव्हती, म्हणून वाटायचं, तू विसरलास. जेवणाच्या सुट्टीत माल चोरून बाहेर जातो म्हणून कडी लावायचा हुकूम मालकाचा होता, पण लावली मी. आत कोणी आहे का, अशी हाकसुद्धा मारली नाही. तू दाराशेजारी प्रुफं वाचत होतास. बाइंडर अंगात ताप म्हणून आत कागदाच्या गठ्ठ्यांवर पडला होता, तो आगीत आतच गेला. चौकशीत आपण दोघं मालकाने पढवलेलं बोललो: दार उघडं होतं, तो प्यायलेला होता, त्याला वाट सापडली नसेल. जो माणूस दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, त्याच्याबद्दल.

काल सकाळी बाइंडरची मुलगी आली. तिनेही तुझा सिनेमा पाहिला होता. शाळेत शिकवते आता. पाणीसुद्धा घेतलं नाही. सुनेसमोरच तिने विचारलं, "काका, तुमच्या छापखान्याच्या दाराला बाहेरून कडी होती का?" मी म्हटलं, आठवत नाही. ती उठली. "आठवा. मी उद्या येते," एवढंच म्हणाली. दिवसभर जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराकडे बघायचो.

आज ती आली आणि मी सगळं सांगितलं. तू पाहिलंस, तेही. तिने ते लिहून घेतलं, मी खाली सही केली. आधी आईला वाचून दाखवणार आहे. ती बाई तीस वर्षं दारुड्याची विधवा म्हणून मान खाली घालून जगली. मग मुलगी आणि मी पोलिसांत जाऊ. परवा ती तुझ्याकडे येईल, म्हणून हे पत्र घाईने हातोहात पाठवतोय. पडद्यावर तू माझा हात दाखवलास, बघत बसलेला माणूस गाळलास. मला त्याचा राग नाही. पण तिला 'आठवत नाही' म्हणू नकोस. मी म्हणालो, तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय. तिला आत घे, बसव, आणि तिने विचारायच्या आधी तूच बोल.

तुझाच,
खिळ्या