बाई अंड्यावर बसल्या त्याची गोष्ट

ती. भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (बसूनच घातलाय. मांडीवर शाळेचा टॅबलेट आहे आणि तो हलवायचा नाही; का, ते पुढे येईलच.) आपली कंबर कशी आहे? ताईचा गुडघा? दोघांचं मिळून एक धड माणूस होईल इतपत बरे असाल, अशी आशा आहे. मी बरी आहे की नाही, ते पत्र वाचून आपणच ठरवा.

सुट्टीत आपण म्हणालात, "हल्लीच्या पोरांना छडीनं नाही, खेळानं अभ्यासाची गोडी लागते," आणि आपल्या कंपनीचं ते गणिताचं ॲप माझ्या तिसरीच्या वर्गासाठी टॅबलेटवर घालून दिलंत. उत्तर बरोबर आलं की त्यातली कोंबडी दाणा टिपते, चुकलं की पंख पाडून बसते. गोडी लागली, भाऊजी. इतकी लागली की मुंग्या परवडल्या! आमचा भोंगा (याच्या हाकेनं छपरावरची कबुतरं उडतात) तोसुद्धा कुजबुजत पाढे म्हणायला लागला, कारण मोठ्यानं बोललं की कोंबडी दचकते म्हणे. घंटा झाली तरी कुणी घरी जाईना.

इथवर ठीक होतं. पण मुलांनी कोंबडीचं नाव ठेवलं 'बाई'. (प्रेमानं ठेवलं, असं मी धरून चालते.) एकीनं घरी जाऊन सांगितलं, "बाई आजारी आहेत, काही खातच नाहीत." तिची आई माझ्यासाठी डबा घेऊन आली. दुसऱ्यानं सांगितलं, "आज बाईंनी अंडं दिलं." त्याचे वडील काहीच घेऊन आले नाहीत, नुसतेच दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून हळूच विचारलं, "रजा हवी का?" मी म्हटलं, "सर, अंडं माझं नाही." भाऊजी, हे वाक्य जितकं समजावून सांगावं तितकं जास्त बिघडतं.

नेमके त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले. त्यांच्या शेऱ्यावर माझी बदली लटकलेली. आत येताच ते गरजले, "या वर्गाच्या बाई कुठायत?" मी समोरच उभी. पण भोंगा ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "शूऽ! बाई अंड्यावर बसल्यात." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी घाईनं टॅबलेट पुढे केला. साहेब खूश झाले. "अस्सं होय! बघू, मी देतो एक उत्तर." प्रश्न आला, सात आठे किती. साहेबांनी ऐटीत दाबलं, चोपन्न. कोंबडी ताडकन उठली आणि अंड्याला तडा गेला. वर्गात असा हंबरडा फुटला की मुख्याध्यापक एका पायात चप्पल घालून धावत आले. भोंग्यानं साहेबांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. "आता तुम्हीच भरून द्या."

साहेब शाळा सुटेपर्यंत गणितं सोडवत बसले. तडा सांधला तेव्हा त्यांचा चष्मा ओला झाला होता. जाताना त्यांनी शेरा लिहिला: 'बाईंची प्रकृती सुधारत आहे. त्यांना कुठेही हलवू नये.' मुख्याध्यापकांच्या मते याचा अर्थ बदली रद्द.

तरी हात जोडून विनंती, हे ॲप आजच बंद करा. मला माझं नाव परत हवंय.

आपली मेहुणी
(खरी बाई)

ता. क. शेवटची विनंती मुख्याध्यापकांनी शेजारी बसून लिहून घेतली. ते आता चहाला गेलेत. बंद अजिबात करू नका.

आणखी एक. पिल्लू बाहेर यायला आलंय (म्हणून टॅबलेट हलवायचा नाही), पण कोंबडी आता अपूर्णांक मागायला लागलीय आणि माझं अपूर्णांकांशी लहानपणापासून वाकडं. मुलांना मी सांगून बसलेय की बाईंना सगळं येतं. तेव्हा तीन चतुर्थांश अधिक एक षष्ठांश किती, एवढं पत्र मिळताच फोन करून सांगा. साहेब रोज फोन करून पिल्लाची चौकशी करतात, पण "मी सांगू का उत्तर?" म्हणाले की मुलं फोन ठेवून देतात.