दादाला न दिलेले दोन गुण

मी, वय शेहेचाळीस, अविवाहित, आधी शाळेत विज्ञान शिकवणारी व नंतर सरकारी संगणक प्रशिक्षण केंद्रातली परीक्षक, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार फुफ्फुसांचा आहे, डोक्याचा नाही. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी नाही. यापूर्वीची दोन मृत्युपत्रं मी फाडली आहेत, ती रद्द समजावीत.

पुस्तकं आणि सूक्ष्मदर्शक शाळेला. शिलाई मशीन शेजारच्या नर्सबाईंना. चार वर्षं त्या ते थोड्या दिवसांसाठी म्हणून नेत आहेत. केंद्राच्या संचालकांनी दिलेलं सन्मानचिन्ह त्यांना परत करावं. दार उघडं ठेवायला ते बरं पडतं, हेही सांगावं. डायऱ्या जाळाव्यात, वाचून जाळल्या तरी हरकत नाही.

खाणीच्या रस्त्यावरचं हे दोन खोल्यांचं घर मी वहिनीला देते. अट काही नाही. कारण लिहिणं कायद्याला लागत नाही, मला लागतं.

तांब्याच्या खाणी बंद करून देशाने संगणकाच्या कामावर उभं राहायचं ठरवलं, तेव्हा खाणकामगारांपुढे भाषण मीच केलं होतं. तो निर्णय चुकला असं मला आजही म्हणवत नाही. तांब्याचा भाव बाहेर कुठेतरी पडायचा आणि चुली आमच्या विझायच्या. सहा महिने प्रशिक्षण, मग परीक्षा, पास होईल त्याला केंद्रात नोकरी. काम असं की पडद्यावर फोटो येतो, त्यात काय आहे ते लिहायचं. त्यावरून यंत्र शिकतं.

माझा थोरला भाऊ, दादा, सत्तावीस वर्षं खाणीत छताला आधार लावायचं काम करत होता. परीक्षेत त्याला भिंतीचा फोटो आला. उत्तर होतं ‘भिंत’. दादाने लिहिलं, ‘डावीकडून सुटणार.’ पुलाच्या फोटोखाली लिहिलं, ‘खालून जाऊ नये.’ पास व्हायला पन्नास लागत. त्याला अठ्ठेचाळीस मिळाले.

“अगं, दिसलं तेच लिहिलं मी.”

“काय आहे ते विचारलं होतं, दादा. काय होणार ते नाही.”

“खाली उभ्या असलेल्याला तेच लागतं ना?” मग माझा चेहरा बघून हसला. “जाऊ दे बाई. उगाच तुझी नोकरी जायची.”

बाकीच्या परीक्षकांनी आपापली माणसं पास केली. मी केलं नाही. तो प्रामाणिकपणा होता की लोक काय म्हणतील याची भीती, हे अकरा वर्षं डायरीत लिहूनही ठरलेलं नाही. दादा लांबच्या एका खाणीत कामाला गेला. तिथलं छत त्याने सांभाळलं. आत पाणी शिरलं.

तेव्हापासून वहिनी माझी पायरी चढलेली नाही. परवा मी तो पेपर पुन्हा तपासला. अठ्ठेचाळीसच होतात.

इथपर्यंत सकाळी लिहिलं. पुढचं दुपारचं आहे.

वकिलांनी निरोप दिला म्हणून वहिनी आली. चप्पल काढली नाही.

“बसा तरी, वहिनी.”

“बसायला नाही आले. तुझं घर मला नको.”

वकील समजावू लागले, की नको तर नंतर नाकारता येईल. आज फक्त दोन साक्षीदार लागतील, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, तेव्हा ते बाहेरचेच हवेत.

“मग मीच साक्षीदार,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, असं नका करू.”

“तू शुद्धीत आहेस, एवढंच लिहून द्यायचं ना? देते की. त्या दिवशीही होतीस.”

तेव्हा घर दादाच्या मुलीला जावं. “पोरीचं पोरगी बघेल,” एवढंच वहिनी त्यावर बोलली.

वकील सांगतात, मी सही करेपर्यंत साक्षीदाराला माझ्याकडे बघत राहावं लागतं. वहिनी समोर उभी आहे. मी सही सावकाश करणार आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. (सही) भावाची विधवा
२. (सही) वकिलांचे कारकून

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ४ मार्च