पान सातची चौकट

३ जून, सोमवार
मिळाली एकदाची! वर्तमानपत्रातली नोकरी, खिडकीजवळचं टेबल आणि अख्खं पान सात माझं: 'जग आज'. कुठे सरकार पडलं, कुठे संसदेत खुर्च्या उडाल्या, कुठे लोक शिट्ट्या वाजवून एकमेकांशी बोलतात, सगळं वीस-वीस ओळींत बसवायचं. मला लहानाची मोठी केली ती मावशीने. तिला वाटतंय, आता जग मीच चालवणार. मुद्रितं तपासायला एक आजोबा आहेत. सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणतात. माझ्या पहिल्याच मथळ्यात त्यांनी दोन चुका काढल्या, वर चहाही पाजला.

५ जून
पानाच्या तळाशी एक चौकट असते, गमतीच्या बातमीसाठी. आज झकास मिळाली. दूरच्या एका बेटावरचा कोळी एकाच दिवशी दोनदा घरी परतला. बायकोने दोघांनाही वाढलं. सकाळी एकच उरला होता. कोणता, ते ती सांगत नाही. बातमीवर वृत्तसंस्थेचं नाव नव्हतं; तरी लावली. कानामात्रांनी ती वाचली, चष्मा काढून ठेवला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

८ जून
पुन्हा तसंच. या वेळी शेजारच्या देशातली एक शिक्षिका. बातमी मी घेतली नव्हती. निवडणुकीच्या निकालाखाली येऊन बसली होती. मी काढून टाकली. छापलेल्या अंकात ती होतीच.
मग कानामात्रांनी तोंड उघडलं. माझ्याआधी हे पान पाहणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या असं मला सांगितलं होतं; ते खोटं आहे म्हणाले. त्या वरच्या मजल्यावर जाहिरातींत बसतात. रोज येतात, हसून बोलतात. बारा वर्षं कानामात्रांनी त्या बाईंचं अक्षर तपासलंय.
"चांगल्या आहेत हो," ते म्हणाले. "पण त्या त्या नाहीत."

११ जून
मंत्रिमंडळ. पूर. चौकट. आजचं गाव इथून दोन तासांवर.
जेवताना मावशीने विचारलं, दुपारी आलीस तेव्हा गप्प गप्प का होतीस? दुपारी मी पान लावत होते. तसं सांगितलं तर म्हणाली, अगं, किती दिवसांनी माझे पाय चेपून दिलेस की.
मी तिचे पाय शेवटचे कधी चेपले, आठवत नाही.

१२ जून
ऑफिसातून मावशीला फोन केला. ती हसायलाच लागली. "फोन कसला करतेस? इथेच तर बसली आहेस."
मागे कुणीतरी भाजी चिरत होतं.
धावत घरी गेले. कुणी नाही. मावशीला म्हटलं, चल, चार दिवस कुठेतरी जाऊ. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

१३ जून
चौकटीत आमची गल्ली. आमचा जिना. पान फाडलं. कानामात्रा ओरडले, पळ, आत्ताच्या आत्ता घरी —

दुपार
जिन्यावर बसलेय. किल्ली फिरत नाही. मावशीने दार उघडलं, फटीएवढंच. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. जन्मात पहिल्यांदा —
"कोण पाहिजे तुम्हाला?"
तुम्हाला. मला.
आतून कुणीतरी लाडात विचारलं, मावशी, कोण आहे गं? मावशी वळली. इतक्या मायेने —
"कुणी नाही बाळा."
दार लागलं. हाक मारतेय — आवाज नाही — मी तिची भाची, मी तिची —
कडी. कुणीतरी बाहेर आलंय. माझ्यामागच्या पायरीवर. वाकून वाचतंय, मी काय लि