कप्तानानं जहाज सोडायचं नसतं

बाबा, तुमच्या चष्मेवालीवरून आपलं भांडण सुरू झालं तेव्हा मी सातवीत होते, आणि आता माझे केस पांढरे व्हायला लागले तरी ते मिटलेलं नाही. तुम्ही मध्येच निघून गेलात म्हणून मी जिंकले, असं मी कधी धरलं नाही. पण परवा असं काही झालं की तुमच्या बाजूनं बोलायची पाळी माझ्यावर आली, तीही माझ्याच क्वार्टरच्या ओट्यावर, माझ्याच तोंडानं. कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर म्हणेल, बापलेकीचं अजून सरलं नाई का. म्हणून तुम्हालाच लिहिते.

हिंगणीच्या पलीकडचं ते क्वार्टर आठवतं ना? तुम्ही वनपाल, म्हणून आपल्याला दोन खोल्या आणि मागे पडवी. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, आणि छपरावर वेळूच्या काठीला बांधलेली अँटेना. त्या अँटेनावर वानरांचा फार जीव. ऐन रंगात आलं की एखादं वानर येऊन काठीला लोंबकळायचं आणि पडद्यावरचं सगळं जहाज मुंग्यांत बुडून जायचं. तुम्ही बाहेर जाऊन 'हाऽऽट' करायचे, मी आतून ओरडायचे, 'आलं, आलं... गेलं बाबा, पुन्हा गेलं!' त्या काळात परदेशी मालिका हिंदीत बोलत्या करून दाखवायचे आणि त्यात ताऱ्यांमधून जाणारी मोठमोठी जहाजं असायची. एक मालिका रविवारी सकाळी, दुसरी बुधवारी संध्याकाळी, आणि तिसरी कधी लागायची कधी नाही. मालिकांची नावं आपल्या घरात कुणी घेतली नाहीत. आपल्याकडे कप्तानांची नावं होती, तीही आपणच ठेवलेली.

रविवारचा तो माझा, उडीवाला. नवा ग्रह आला, जहाजाचं दार उघडलं, की बाकीचे मागून 'रुकिए कप्तान' म्हणेपर्यंत हा खाली उडी मारून मोकळा. उंच, दाढी वाढलेली, बाह्या वर सरकवलेल्या. मी त्याच्यासाठी जीव टाकायचे. बुधवारची ती तुमची, चष्मेवाली. ठेंगणी, अंगानं भरलेली, केस घट्ट बांधलेले, आणि मालिकाभर ती आपल्या खुर्चीतून उठायची म्हणून नाही. माणसं पाठवायची, जाताना एकेकाला नजरेनं मोजायची, परत येताना पुन्हा मोजायची. एक जरी कमी आला तरी तिच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही, फक्त चष्मा काढून पुसायची. मला तिचा असा कंटाळा यायचा! मी म्हणायचे, ही काय कप्तान, ही तर हजेरी घेणारी बाई. आणि तो तिसरा, प्रत्येक गोष्टीत सगळ्यांना गोल बसवून मत विचारणारा, त्याचं नाव तुम्हीच सरपंच ठेवलंत. 'याची ग्रामसभा सरेपर्यंत तो राक्षस जहाज गिळून ढेकर देऊन मोकळा होईन,' असं म्हणून तुम्ही पोट धरून हसला होतात. मी विचारलं, मग तुमचे मोठे साहेब यातले कोण? तुम्ही म्हणालात, 'थे तं अजून जहाजावरच नाई चढले.' आईच्या हातातलं पीठ सांडलं होतं हसताना.

पण भांडण खरं चालायचं ते दोघांचंच, उडीवाल्याचं आणि चष्मेवालीचं. तुम्ही सुपारी कातरत बसायचे आणि एकदम अडकित्ता टीव्हीकडे रोखायचे. 'आता पाय, हा उतरला खाली. मांगं जहाजात शंभर लोक. त्यायले कोन सांगन पुढं काय कराचं? याची हिंमत पाहून टाळ्या वाजवत बसतीन का थे?' मी म्हणायचे, 'पन तो खुद जाते नं बाबा! दुसऱ्याले मराले नाई धाडत.' यावर तुम्ही 'थे बी खरं आहे,' म्हणायचे. मला वाटायचं, चला, जिंकले. की लगेच सुपारीचं खांड तोंडात टाकून तुमचं शेवटचं वाक्य, 'पन कप्तानानं जहाज सोडाचं नसते.' असा राग यायचा मला! एक तर तुम्ही माझं ऐकून घेतलेलं असायचं, कबूल केलेलं असायचं, आणि तरी तिथल्या तिथेच.

राग यायचं खरं कारण वेगळं होतं. मोहफुलांचे दिवस आले की आपल्याकडे काय व्हायचं ते तुम्हाला मी काय सांगू. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं, सासू-सासऱ्यांपासून चालत आलेलं. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करायचे, वारा सुटला की ती आग डोंगर चढायची. तुम्ही कुणावर ओरडत नव्हता. 'पाला झाडून गोळा करा, मंग पेटवा, अन् इझोल्याबिगर घरी नोका जाऊ,' एवढंच दरवर्षी घरोघर जाऊन सांगायचे. तरी आग लागायचीच. आणि लागली की सगळ्यांच्या पुढे कोण? हिरवी डहाळी घेऊन आत शिरणारे तुम्ही. त्या वर्षी माझी परीक्षा होती, दुपारीच पेपर देऊन मी आले होते, आणि दिवस कलल्यावर तुम्ही आलात तेव्हा तुमच्या भुवया नव्हत्या. नव्हत्याच. चेहरा असा बोडका दिसत होता की मी आधी हसले आणि मग रडले. शर्टाची एक बाही जळून दंडाला चिकटली होती. आईनं कोरफड चिरून लावली आणि रात्रभर भांडी आपटत राहिली.

आणि तसाच बुधवार आला. बिनभुवयांचे तुम्ही टीव्हीसमोर बसलात आणि चष्मेवालीकडे बोट दाखवून मला म्हणता, 'पाय, याले म्हनते कप्तान.' तेव्हा आई चुलीपुढून उठून दारात आली. 'टीव्हीतला कप्तान थांबते म्हनता, तं घरचा काऊन नाई थांबत?' तुम्ही खो खो हसलात, दंड दुखला म्हणून मध्येच थांबलात, आणि तिला म्हणालात, 'मी कुठचा कप्तान? मी तं खलाशी.' मला ते हसणं मुळीच आवडलं नव्हतं. आपला बाप उडीवाला आहे याचा मला इतका अभिमान, आणि हा माणूस माझ्यासमोर त्या खुर्चीतल्या बाईची तारीफ करतो! ढोंगीपणा वाटला मला तो.

पुढे मी परीक्षा देऊन वनक्षेत्रपाल झाले, तुमच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर. तुम्ही सेलूच्या बसस्टँडवर मला सोडायला आलात, निवृत्त झालेले, पण खाकी सवयीनं ताठ. गाडी लागली होती. पेढे देऊन झाले, आशीर्वाद झाला, आणि खिडकीखाली उभं राहून तुम्ही म्हणालात, 'आग लागली तं तू गाडीतच बसजो. वायरलेस तुह्याजवळ पाह्यजे.' मी म्हटलं, 'तुम्ही बसत होते का?' तुम्ही म्हणालात, 'माही गोष्ट वेगळी.' बस निघाली. मी समुद्रपूरपर्यंत फणफणत गेले. मुलगा असता तर हे म्हणाले असते का? इतकी वर्षं मी ते तसंच धरून बसले, बाबा. त्यानंतर दोन उन्हाळेही तुम्ही काढले नाहीत आणि हे विचारायचं राहून गेलं.

आता परवाचं ऐका. दुपारची वेळ, मोहफुलांचेच दिवस, तशीच आग. मी टेकाडावर गाडीजवळ वॉकीटॉकी घेऊन उभी, सोबत फक्त ड्रायव्हरकाका. एक तुकडी नाल्याजवळ थांबलेली, मी सांगेन तेव्हा समोरून उलटी आग लावायला, म्हणजे मोठी आग तिथंच उपाशी मरते. दुसऱ्या बाजूला मोहाच्या झाडांकडे माझी एक वनरक्षक पोरगी, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेली, केळझरची. तिचा आवाज आला, 'मॅडम, एक आजी झाडाखालून हलूनच नाई राह्यली. म्हनते माहं झाड आहे. मी घेऊन येतो तिले.' मी म्हटलं, लवकर. आणि वारा फिरला. तुम्हाला माहीत आहे तो कसा फिरतो, कानामागून सुरू होऊन एकदम तोंडावर. मी हाक मारत राहिले, वॉकीटॉकीतून नुसती खरखर. धूर त्या झाडांवर उतरताना मला दिसत होता. बाबा, मला ना चष्मेवाली आठवली, ना तुम्ही. मी वॉकीटॉकी ड्रायव्हरकाकांच्या हातात कोंबली, 'हे धरा,' म्हटलं, आणि पळाले.

आणि गंमत ऐका. ती पोरगी मला सापडली ती कुठं? आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर, आजीला घेऊन निवांत बसलेली. जिथं जळायला काही उरलेलं नाही तिथं आग येत नाही, हे तिला ठाऊक होतं, आम्हीच शिकवलेलं. आजी गोंडीत कुणाला तरी शिव्या देत होती, बहुधा आम्हालाच. पोरगी तिला बाटलीतलं पाणी पाजत होती. मला पाहून ती म्हणाली, 'मॅडम, तुम्ही काऊन आल्या?' आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. मी तिला जवळ घेतलं. मागाहून कळलं, तिकडे नाल्यावरची माणसं वॉकीटॉकीवर विचारत होती, 'मॅडम, लावू का? लावू का आता?' आणि ड्रायव्हरकाका बिचारे एकच सांगत होते, 'मॅडम नाई आहे, थांबा.' माणसं थांबली. आग नाला ओलांडून गेली. पलीकडचा सगळा उतार जळाला, कोवळा साग, बांबू, सगळं. माणूस कुणी दगावलं नाही, एवढंच. वरून साहेबांचा फोन आला, 'तुम्ही कुठे होतात?' काय सांगणार होते मी त्यांना? तुमच्या चष्मेवालीनं तो उतार वाचवला असता. हे मी तुमच्याजवळ कबूल करते, त्यांच्याजवळ नुसतं 'सॉरी सर' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी माझ्या क्वार्टरवर आली. तिच्या आईनं पाठवलेल्या तिखट पुऱ्यांचा डबा आणला होता. नको नको म्हणत असताना पाया पडली. आणि म्हणते कशी, 'मॅडम, मी ठरवलं आहे. आपल्यातलं कोनीबी अडकलं, तं मी बी तुमच्यासारखीच, मांगं-पुढं पाहनार नाई. सिधी आत.' डोळे असे चमकत होते तिचे. रविवारी सकाळी माझे चमकायचे तसे असतील. बाबा, अख्ख्या आगीत मला एवढी भीती वाटली नव्हती. मला दिसली ती तिची आई, केळझरला दारात बसून फोनची वाट पाहणारी. मी तिला म्हटलं, 'बस इथं.' आणि सुरू झाले. दोन कप्तान होते म्हटलं, एक उडीवाला आणि एक चष्मेवाली, खुर्चीतून न उठणारी. तिनं शंभर माणसं कशी राखली, जाताना-येताना कशी मोजायची, चष्मा पुसताना तिचा हात कसा थरथरायचा. बाबा, असा हात थरथरताना मी कधी पाहिला नव्हता, ते मी तिथल्या तिथं रचलं. अशी तारीफ तर तुम्हीही तिची कधी केली नसेल. पोरीनं विचारलं, 'अन् दुसरा? उडीवाला?' मी म्हटलं, 'मूर्ख होता.'

हे बोलले, आणि तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात, बिनभुवयांचे. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला ती बाई आवडते. मग समजत होते की मी मुलगी म्हणून तुम्ही मला गाडीत बसवता. तुम्हाला त्या कप्तानांशी काय देणंघेणं होतं! समोर बसलेली तुमची लेक त्या उडीवाल्याकडे डोळे फाडून बघते, आणि बघता बघता त्याच्यासारखी होते आहे, एवढंच तुम्हाला दिसत होतं. तुम्ही स्वतः जाणार होतात, दरवर्षी. मी मात्र खुर्चीत बसून राहावं, असं तुम्हाला वाटत होतं. मुलगा असता तर त्यालाही बसवलं असतं तुम्ही. बसमध्ये उगाच फणफणले मी. मला तेव्हाच खाली उतरून तुमच्या गळ्यात पडायला पाहिजे होतं.

त्या पोरीनं निघताना मला विचारलं, 'मंग मॅडम, पुढच्या खेपेला तुम्ही गाडीतच थांबसान?' मी तिच्या डोळ्यांत बघून 'हो' म्हटलं. तिला ते खरं वाटलं, चेहऱ्यावरून कळलं मला. हे पत्र कुठं जायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून तेवढं तुम्हाला सांगून ठेवते. ती पोरगी पुन्हा आत अडकली, तर मी जाणार आहे.